आई, फिल्टर बदल!

२०२३ च्या जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हाची गोष्ट. स्टाफरूममध्ये नेहमीचा प्रश्न फिरत फिरत माझ्यापर्यंत आला, 'काय मग मॅडम, सुट्टीत कुठे?' कुणी तारकर्लीला जाऊन आलं होतं, कुणी लेकीच्या बाळंतपणात अडकलं होतं. मी म्हटलं, 'मॉस्कोला होते. दीड महिना. तिथल्या मेट्रोच्या भुयारात.'

क्षणभर शांतता. मग खुलासा करावा लागला, की व्हिडिओ गेम खेळत होते. 'कँडी क्रश का?' भूगोलाच्या बाईंनी विचारलं. म्हटलं, 'नाही हो, बंदुकीचा. अंधारात चालायचं, अंगावर काहीबाही धावून येतं, त्याला गोळ्या घालायच्या.' त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. काही महिन्यांपूर्वीपर्यंत मीही माझ्या मुलाकडे तश्शीच बघत होते.

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तेव्हा वय बावन्न. गेम म्हणाल तर जुन्या नोकियावरचा साप आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे पत्ते, एवढीच मजल. चिन्मय, म्हणजे आमचा चिनू, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. रोज एसटीनं कऱ्हाडला जाऊन-येऊन. घरी आला की जेवायचा, खोलीत जायचा, दिवा बंद करायचा आणि कानाला हेडफोन लावून त्या कॉम्प्युटरसमोर बसायचा ते रात्री एक-दीडपर्यंत. आम्हा दोघांत दिवसभरात होणारं बोलणं म्हणजे 'डबा घेतलास?', 'हो' आणि 'झोप आता', 'हं'.

वन्सं फोनवर म्हणायच्या, 'अगं, तो पब्जी असेल. पोरं वेडी होतात त्यानं. काढून घे तो कॉम्प्युटर.' पब्जीवर आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्येच बंदी आली होती, पण आपल्या बायकांच्या तोंडी सगळ्या गेमचं नाव पब्जीच. मीही एक-दोनदा खोलीत डोकावून बोलले होते, 'सारखं काय मारामारी बघतोस रे?' तो लगेच स्क्रीन बंद करायचा. त्याचा तो लगेच स्क्रीन बंद करण्याचा प्रकार मला जास्तच संशयाचा वाटायचा. काय काय मनात येऊन गेलं, सांगत नाही.

थोडं मागचं सांगायला हवं. एप्रिल २०२१ मध्ये चिनूचे बाबा गेले. दुसरी लाट. पहिले पाच दिवस ते घरीच होते, कारण बेड मिळत नव्हता. एका ओळखीच्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून दिला. बाहेरच्या खोलीत कॉट, नाकातोंडावर मास्क, त्या मशिनची घरघर, बाटलीतल्या पाण्याची बुडबुड आणि त्या सगळ्यावर यांचा श्वास. मीही पॉझिटिव्ह होते, त्यामुळे आतल्या खोलीत. चिनू निगेटिव्ह. दर तासाला बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि वहीत आकडा लिहायचा, हे काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलं. त्र्याण्णव, एक्क्याण्णव, नव्वद. सहाव्या दिवशी बेड मिळाला, त्यानंतर बारा दिवस, आणि मग नाही. चेहराही नीट बघायला मिळाला नाही. पुढे चिनूची बारावीची परीक्षाच रद्द झाली. घरात पोरगं आणि मी. दोघंही शहाण्यासारखे वागत होतो. त्या पाच रात्रींबद्दल दोघांनीही दोन वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि माझे पाय जागच्या जागी थिजले. चिनूच्या खोलीतून श्वासाचा आवाज येत होता. मास्कमधून घेतलेला, जड, ओढलेला श्वास. मग तो भराभर व्हायला लागला. हातातला तांब्या तसाच टाकून मी धावले आणि दार ढकललं.

चिनू धडपडत उठून आवाज बंद करत होता. हेडफोनची वायर उंदरानं कुरतडली होती, म्हणून त्या दिवशी स्पीकर लावला होता. पोराचा चेहरा पांढराफटक. 'सॉरी आई. सॉरी. झोपलीस असं वाटलं मला.'

'कसला आवाज तो?'

'गेममधला. गॅस मास्कचा.' जरा थांबून म्हणाला, 'म्हणून तर हेडफोन लावतो. तुला ऐकू जाऊ नये म्हणून.'

त्या रात्री मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एप्रिलअखेर सुट्टी लागली तेव्हा म्हटलं, 'दाखव तरी मला, काय आहे ते.' तो म्हणाला, 'बघून नाही कळायचं. खेळावं लागेल.'

गेमचं नाव 'मेट्रो २०३३'. पहिल्यांदा आला २०१० मध्ये. चिनूकडे होती ती २०१४ ची नव्यानं सजवलेली आवृत्ती, कुठल्याशा सेलमध्ये पिझ्झापेक्षा स्वस्तात घेतलेली. मूळ कादंबरी रशियन लेखक दिमित्री ग्लुखोव्स्की यांची. २००२ मध्ये त्यांनी ती इंटरनेटवर फुकट टाकली होती, पुस्तक २००५ मध्ये निघालं. (ही माहिती मी काढली, चिनूनं नाही. ग्रंथपालाची खोड.) गोष्ट अशी, की अणुयुद्धात जग संपलंय आणि मॉस्कोत जी माणसं त्या वेळी मेट्रोत होती तेवढीच वाचलीत. वीस वर्षं ती जमिनीखालीच राहताहेत. एकेक स्टेशन म्हणजे एकेक गाव. फलाटावर झोपड्या, डुकरं पाळलेली, मशरूमची शेती. आपण आर्त्योम नावाचा विशीतला मुलगा. त्याच्या स्टेशनावर काळ्या आकृत्या चालून येताहेत, 'डार्क वन्स' म्हणतात त्यांना, आणि मदत आणायला त्याला भुयारांमधून शहराच्या मध्यापर्यंत जायचंय.

याला फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात. म्हणजे आपल्या व्याकरणातला प्रथमपुरुषी एकवचनी! आर्त्योम कसा दिसतो ते आपल्याला दिसतच नाही, फक्त त्याचे दोन हात आणि हातातली बंदूक. बाकी जे दिसतं ते त्याच्या डोळ्यांनी. डाव्या हातानं चार बटणं दाबून चालायचं आणि उजव्या हातातल्या माउसनं मान वळवायची. ऐकायला सोपं आहे. पहिले दोन दिवस माझा आर्त्योम एकतर छताकडे बघत भिंतीला धडका मारत होता, नाहीतर स्वतःच्या बुटांकडे बघत गोल फिरत होता. मला अक्षरशः घाटातल्या एसटीसारखं मळमळलं. आल्याचा तुकडा तोंडात धरून खेळले, खोटं नाही सांगत. आणि चिनू हसत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसत होता, म्हणून मी आणखी एक-दोन धडका मुद्दाम मारल्या.

भीतीचं म्हणाल तर धारप आणि मतकरी वाचून वाढलेली बाई मी, सहजासहजी घाबरायची नाही असा माझा समज होता. पण पुस्तकात पान उलटणं आपल्या हातात असतं. इथेही पाऊल आपणच टाकायचं, पण समोर काय आहे ते दिसत नाही. टॉर्चची बॅटरी उतरत जाते, मग खिशातला एक चार्जर काढून हातानं दाबदाबून ती भरायची. तेवढा वेळ बंदूक बाजूला. गोळ्या मोजक्या. त्यातही गंमत म्हणजे जुन्या काळातल्या चांगल्या प्रतीच्या गोळ्या हेच तिथलं चलन! फिल्टर, औषध, सगळं त्या गोळ्या मोजून विकत घ्यायचं. जीव वाचवायला त्याच झाडल्या तर पैसे उडवल्यासारखे. पहिल्या तारखेला हिशेब मांडून बसणाऱ्या कुठल्याही बाईला ही भीती शिकवावी लागत नाही. खरं तर त्या केसाळ, दातांच्या प्राण्यांपेक्षा मला दूरवर काहीतरी खरवडल्याचा आवाज आणि नंतरची शांतता याचीच जास्त धास्ती. प्राणी अंगावर आला की उलट सुटल्यासारखं व्हायचं.

मग एके ठिकाणी जमिनीवर जावं लागतं. वर बर्फ, पडक्या इमारती आणि विषारी हवा. गॅस मास्क चढवायचा. मास्कची काच स्क्रीनवर दिसते, तिच्यावर बाष्प धरतं, मार बसला की तडे जातात. मनगटावर घड्याळ असतं, त्यात फिल्टर किती वेळ पुरणार ते दिसतं. आणि श्वास. तोच.

चिनूनं विचारलं, 'आवाज बंद करू?' मी म्हटलं, 'राहू दे.'

मी चालत राहिले. घड्याळातला आकडा कमी कमी होत होता. श्वास जड झाला, मग भराभर व्हायला लागला. 'आई, फिल्टर बदल!' चिनू म्हणाला. माझं बोट बटण शोधेना. 'आई, फिल्टर! आई!' माझा हात माउसवरून उचललाच गेला. मी नुसती बघत बसले. आर्त्योम गुदमरला, पडदा काळा झाला.

बराच वेळ आम्ही दोघंही त्या काळ्या पडद्याकडे बघत होतो. मग तो पडद्याकडे बघतच बोलायला लागला.

'चौथ्या रात्री मी झोपलो होतो, आई. दोनचं रीडिंग घेतलं आणि बसल्या बसल्या झोप लागली. उठलो तेव्हा साडेचार. बाबांचं एक्क्याऐंशी होतं. मी वहीत तीनचं आणि चारचं रीडिंग खोटं लिहिलं.'

एकोणीस वर्षांचं पोर. दोन वर्षं हे घेऊन रोज कऱ्हाडला जात-येत होतं.

मी पण पडद्याकडेच बघत होते. म्हटलं, 'मी आले होते साडेतीनला. मास्क लावून, लांबून. तू खुर्चीत मान टाकून झोपला होतास. यांच्या बोटाला मीच मशीन लावलं. नव्वद होतं. तुला उठवलं नाही, तुझ्यावर चादर घातली आणि आत गेले.'

तो वळला. 'ती चादर तू घातलीस?'

'मग कोण?'

'मला वाटलं बाबांनी. मला वाटलं, ते तशा अवस्थेत उठले, मला चादर घातली आणि म्हणून त्यांचा ऑक्सिजन खाली गेला.'

त्यानंतर काय झालं ते मी इथे लिहीत नाही. पहाटे आम्ही दोघांनी कांदा घालून उपमा खाल्ला एवढं सांगते.

त्याला नंतर विचारलं, की तो आवाज सोसवत नव्हता तर हाच गेम का खेळायचास? म्हणाला, 'माहीत नाही. इथे शोधले तर फिल्टर सापडतात.'

असो. त्यानंतर मी खरी खेळायला लागले. सकाळचं आटोपलं, की दोन तास. एका भुयारात खान नावाचा वाटाड्या भेटतो, थोडा साधूबुवासारखा. त्या भुयारात मेलेल्या माणसांच्या सावल्या आहेत. टॉर्च मारला की भिंतीवर दिसतात, बायका, मुलं, पळणारी माणसं. गोळी घालून उपयोग नाही, खानच्या मागे मागे अंग चोरून चालायचं. तो म्हणतो, की या युद्धात स्वर्ग, नरक सगळंच उद्ध्वस्त झालं, त्यामुळे मेलेल्यांना जायला जागाच उरली नाही; ते इथेच राहिलेत. तिथे मी गेम थांबवला आणि कुकर लावायला उठले. यांचं तेरावं आम्ही दोघांनीच घरात केलं होतं, गुरुजी फोनवरून सांगत होते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर ओट्याशी उभी राहिले, मग येऊन खानच्या मागे चालू लागले.

आणि आता माझ्या पराक्रमाची गोष्ट. वाटेत मॉस्कोचं लेनिन ग्रंथालय लागतं. खरंखुरं आहे ते, आता त्याला रशियन स्टेट लायब्ररी म्हणतात. त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशन १९३५ मध्ये, मेट्रोच्या पहिल्याच मार्गावर सुरू झालं. गेममध्ये त्या पडक्या ग्रंथालयात धिप्पाड, भयंकर राक्षस फिरतात आणि त्यांचं नाव काय, तर 'लायब्रेरियन'! मी चिनूकडे बघितलं. तो म्हणाला, 'आई, मी केलं नाही हे, आधीपासूनच आहे.' त्यांच्या अंगावर गोळ्या संपतात पण ते मरता मरत नाहीत. चिनूनं पहिल्या वेळी सगळा दारूगोळा तिथेच घालवला होता. युक्ती वेगळी आहे. पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही, समोर उभं राहून थेट डोळ्यांत बघायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. थोड्या वेळानं तो गुरगुरतो आणि निघून जातो. आता मला सांगा, वाचनालयात मोबाइलवर बोलणाऱ्या पोरांना गेली सत्तावीस वर्षं मी दुसरं काय करत आलेय? एकही गोळी न झाडता ग्रंथालय पार केलं. चिनूनं मित्रांना फोन करून सांगितलं.

शेवटाची गंमत तर याहून मोठी. आर्त्योम ओस्तान्किनो टॉवरवर चढतो. हा टॉवरही खरा, १९६७ चा, ५४० मीटर उंच. तिथून क्षेपणास्त्रांचा नेम त्या काळ्या आकृत्यांच्या वस्तीवर धरायचा, की संपलं सगळं. चिनूनं हा गेम तीनदा पुरा केला होता आणि तिन्ही वेळा तो स्फोट बघून झोपला होता. माझ्या वेळी मात्र आर्त्योमपुढे वेगळाच पर्याय उघडला: नेम धरणारं ते यंत्रच फोडून टाकायचं. कारण त्या काळ्या आकृत्या मारायला आलेल्याच नसतात. त्यांना काहीतरी बोलायचं असतं आणि त्यांचं बोलणं माणसांच्या डोक्याला झेपत नसतं. चिनू उठून उभाच राहिला. 'हे कुठून आलं? हे मला कधीच आलं नाही!'

शोधाशोध केल्यावर कळलं. गेम आपल्याला न सांगता आपल्या वागण्याचा हिशेब ठेवत असतो. फलाटावर बसलेल्या भिकाऱ्याला गोळी दिली, लपून जाता येत असताना माणसाला मारलं नाही, की कुठेतरी जमा होतं. आणि आणखी एक: स्टेशनांवर माणसं गप्पा मारत असतात, त्या शेवटपर्यंत ऐकल्या तरी जमा होतं! चिनू आणि त्याचे मित्र तिथून धावत पुढे जायचे. मी प्रत्येक शेगडीशी थांबले होते. कुणाचा नवरा परत आला नाही, कुणाच्या पोराला खोकला आहे, डुकराचा भाव काय झाला. 'किती वेळ उभी राहतेस गं आई, पुढे चल ना,' असं म्हणून हा मला पिडायचा. बायकांच्या चांभारचौकशांनी जग वाचलं, असं मी वन्संना फोन करून सांगितलं. त्यांना काडीचं कळलं नाही, पण 'तुझा आवाज बरा येतोय हो,' म्हणाल्या.

तेव्हा यंत्रावर गोळी मीच झाडली. पूर्ण गेममध्ये विचार करून झाडलेली तेवढी एकच.

एक गोष्ट मात्र नंतर मनातून जाईना. हा गेम करणारी कंपनी युक्रेनच्या कीव शहरातली. २०१० मध्ये त्यांनी मॉस्कोतली माणसं भुयारात राहताना कल्पिली. १९४१ मध्ये मॉस्कोची मेट्रो बॉम्बपासून निवाऱ्याला वापरली गेली होती, तेव्हा ती कल्पना तशी हवेतली नव्हती. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं हल्ला केला आणि खुद्द कीवमधली माणसं पांघरुणं, मांजरं, तान्ही मुलं घेऊन आपल्या मेट्रोच्या फलाटांवर झोपायला लागली. तिथलं आर्सेनाल्ना स्टेशन शंभर मीटरहून जास्त खोल आहे. आणि मॉस्कोचे ते लेखक, ग्लुखोव्स्की, युद्धाविरुद्ध बोलले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयानं त्यांच्या गैरहजेरीत त्यांना आठ वर्षांची शिक्षा सुनावली. तोवर ते देशाबाहेर पडले होते. मी तेव्हा कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मागवून वाचत होते. पुस्तकाचा शेवट गेममधल्या त्या पहिल्या शेवटासारखाच आहे. मला गेमचा दुसरा आवडतो, ग्रंथपाल असूनही.

मैत्रिणींनो, हे वाचून लगेच धाकट्या पोरांच्या हाती हा गेम देऊ नका. तो अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे आणि ते बरोबरच आहे. रक्त आहे, शिव्या आहेत, रात्री झोप उडेल असं बरंच आहे. मलाही बंदूक अजून आवडत नाही. पण तो घरबसल्या एकट्यानं खेळायचा, अनोळखी माणसांशी बोलणं नाही, मध्येच पैसे मागणं नाही. पब्जी तो नव्हे, एवढं तरी वन्संना आता पटलंय.

चिनू आता पुण्याला नोकरीला आहे. ऑक्सिमीटरची ती वही मी टाकली नाही. ती कपाटात आहे आणि तीनच्या, चारच्या रकान्यावर त्यानं स्वतःच रेघ मारून ठेवली आहे. जाताना कॉम्प्युटर माझ्यासाठी ठेवून गेला. त्यात गेमचा पुढचा भाग घालून दिला आहे, 'लास्ट लाइट'. सध्या मी एका दलदलीत अडकले आहे. पलीकडे जायला तराफा आहे, पण तो ओढून आणणारं यंत्र सुरू करायला पेट्रोल लागतं आणि ते काही केल्या सापडत नाही. पाण्यातून काहीतरी येतंय, घड्याळात चार मिनिटं राहिलीत. गेम थांबवून ठेवला आहे. रविवारी त्याचा फोन येईल, तेव्हा विचारायचं आहे.